प्रॉम्प्टरचा घसा आणि दामिनीचं इंग्रजी

मित्रांनो, मला ओळखलंत का? डोक्यावर जाळी, जाळीला एका बाजूने पोचा, गळ्यात काळी वायर आणि पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, अर्धवट पुसलेलं 'धनीराम साउंड'. मी एक जुना माईक आहे. आता हसू नका हं! शर्टाला चिमटा लावून बोलायच्या आजकालच्या माईकसारखा मी शेंगदाण्याएवढा नाही. मला धरायला चांगली अख्खी मूठ लागते.

कारखान्यातलं मला फारसं काही आठवत नाही. तारेचं वेटोळं, कुणीतरी जाळीवर मारलेली टिचकी आणि 'हॅलो, हॅलो' एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते भंडारा जिल्ह्यात, तुमसरला, धनीरामच्या दुकानात. धनीराम लग्नाला, सप्ताहाला, सभेला मशीन आणि भोंगे पुरवायचा. पण त्याचा मुख्य हंगाम दिवाळीनंतरचा. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, आणि मंडई भरली की गावात नाटक होतंच होतं.

नाटकात मला कुणी हातात धरत नसे. स्टेजच्या मधोमध मला वरून दोरीने टांगायचे. नट माझ्याखाली येऊन उभा राहायचा, हनुवटी वर करायचा आणि थेट माझ्या तोंडावर संवाद फेकायचा. काय ते आवाज! राजा गरजला की माझी जाळी थरथरायची. खलनायक तर थुंकीसुद्धा उडवायचा, पण कलेसाठी मी तीही सोसली. मोठमोठे राजे माझ्याकडे मान वर करून बोलतात, याचा मला फार तोरा होता. खरं सांगायचं तर तो अजून पुरता उतरलेला नाही.

मला आणखी एक आवाज ऐकू यायचा. प्रेक्षकांना तो ऐकू येऊ नये अशी सगळ्यांची धडपड असायची. तो आवाज प्रॉम्प्टरचा. आमच्याकडे नट आज या गावात हे नाटक करतो, उद्या त्या गावात दुसरं. तालमीला वेळ कुठला? म्हणून प्रॉम्प्टर डाव्या पडद्याआड पुस्तक घेऊन बसतो, एकेक वाक्य हळूच पुरवतो आणि नट ते उचलून मोठ्याने बोलतो. आणि कधी गर्दीने गोंधळ केला, प्रॉम्प्टरचा आवाज पोचला नाही, तर नट मनानेच काहीतरी जोडून वेळ मारून नेतो. त्याला आमच्याकडे 'पदरचं बोलणं' म्हणतात. वाईट नटाला ते जमत नाही. तो डाव्या पडद्याकडे कान लावून नुसता उभा राहतो.

या कामात आंबागडच्या योगेंद्रचा हात कुणी धरला नसता. उन्हाळा-पावसाळा तो धानाची शेती करायचा आणि हिवाळाभर प्रॉम्प्टिंग. त्याची कुजबुज अशी, की नटाला स्वच्छ ऐकू यावी आणि पहिल्या रांगेतल्या सरपंचाला पत्ता लागू नये. टाळ्या मात्र नटाला. योगेंद्र पडद्याआड पुढचं पान उलटत असायचा.

मग कॉलर माईक आले आणि माझे दिवस फिरले. धनीरामने मला दोरीवरून उतरवून एका पेटीत टाकलं. वर तुटके भोंगे, खाली फाटक्या सतरंज्या. उंदीर माझी वायर कुरतडायला लागले. ज्याच्यापुढे राजे गरजले, त्याच्यापुढे आता उंदीर चूंचूं करत होते! फार वाईट वाटायचं हो. एक दिवस पेटीचं झाकण उघडलं आणि ओळखीचा आवाज आला.

"हा माईक मी घरी नेतो जी," योगेंद्र म्हणत होता. "पोरीले कामी येईन."

"नेऊन टाक बापा," धनीराम म्हणाला. "इथं उंदरं खाऊन राहिले त्याले."

असा मी आंबागडला, किल्ल्याच्या पायथ्याशी, योगेंद्रच्या घरी आलो. आणि मित्रांनो, इथूनच माझी गोष्ट खरी सुरू होते.

योगेंद्रची मुलगी दामिनी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात इंग्रजी घेऊन एम.ए. करत होती. साधंसुधं इंग्रजी नव्हे, वरच्या दर्जाचं. घरापुढच्या छपरीत बसून ती विटेएवढी जाड पुस्तकं वाचायची. लिहायची तर अशी, की तिच्या साधना मॅडम तिचा निबंध वर्गात वाचून दाखवायच्या. पण एक पेपर तोंडी होता. सगळ्यांसमोर उभं राहून इंग्रजीत भाषण करायचं आणि मग बाहेरून आलेल्या परीक्षकाशी इंग्रजीतच बोलायचं. उन्हाळ्यात दामिनी त्या पेपराला उभी राहिली आणि तिची वाचाच बसली. बाकी सगळ्या विषयांत पास, या एकात नापास. आता हिवाळ्यात तो पुन्हा द्यायचा होता. तिला पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवायचं होतं. पण ती इतकी खचली होती, की एक दिवस आईला म्हणाली, "यावेळी पास नाही निघाली तर एम.ए. सोडून देईन मी. धानाच्या बांधीत रोपांचा रोवणा लावीन."

तिची आई चंद्रकांता सुपात तांदूळ पाखडत होती. "रोवणा काही पळून नाही चालला," ती म्हणाली. "आधी परीक्षा दे."

योगेंद्रने मात्र मनावर घेतलं. नटाला वाक्य सापडत नाही तर काय करतात, हे त्याला जन्मभर ठाऊक होतं. त्याने मला छपरीच्या आड्याला दोरीने टांगलं. दामिनीकडून तिचं सगळं इंग्रजी भाषण मराठी अक्षरांत लिहून घेतलं. तिला माझ्याखाली उभं केलं आणि स्वतः डाव्या बाजूला, दाराच्या पडद्याआड बसला.

"रिस्पेक्टेड एक्झामिनर सर अँड माय डिअर फ्रेंड्स," पडद्याआडून कुजबुज यायची.

"रिस्पेक्टेड एक्झामिनर सर अँड माय डिअर फ्रेंड्स!" दामिनी हनुवटी वर करून माझ्या तोंडावर गरजायची.

वा! मला तर वाटलं जुने दिवस परत आले. योगेंद्रला त्या भाषणातलं एक अक्षर कळत नव्हतं, मलाही नव्हतं, पण आमची पोरगी कुठे म्हणून अडखळत नव्हती. कुंपणाजवळून जाणारे लोक थांबायचे. "योगेंद्रची पोरगी फाडफाड इंग्रजी बोलून राहिली बापा," म्हणायचे. योगेंद्र पडद्याआड मिशीत हसायचा. मीसुद्धा दोरीवर जरा जास्तच झुलायचो.

आणि मग परीक्षेच्या थोडे दिवस आधी, साधना मॅडमनी वर्गात सराव घेतला. त्या दिवशी दामिनी घरी आली ती सरळ चंद्रकांताच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली.

"काय झालं वो माय? सांगशील का नाही?" चंद्रकांताने विचारलं.

"मी वरतं पंख्याकडं पाहून बोलली," दामिनी हुंदके देत म्हणाली. "पहिलं वाक्य झालं अन् मी डाव्या बाजूले कान लावून उभी राहिली. मॅडमनं विचारलं, तिकडं कोण आहे? माझ्या तोंडून निघून गेलं, माझे बाबा. सारा वर्ग हसला आई! मॅडमबी हसल्या. मग मी माईकचं सारं सांगितलं, तर त्या म्हणल्या, तो माईकच घेऊन ये परीक्षेले, टेबलावर ठेव, अन् समोर पाहून बोलायची सवय कर. पण मले समोर पाहून शब्दच सुचत नाही. मी नाही जात आता."

योगेंद्र नुकताच शेतातून आला होता. दाराशी चपला काढता काढता त्याने सगळं ऐकलं. तो आत आलाच नाही. थोड्या वेळाने त्याने मला दोरीवरून सोडवलं, खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझी जाळी पुसली आणि अगदी हळू म्हणाला, "मीच बिघडवली रे पोरीले." तो माझ्याशी बोलत होता, दुसरं कुणी जवळ नव्हतं. मला फार भरून आलं. मला बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं, अरे, मीही तेवढाच खूश होऊन झुलत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगेंद्रचा घसा बसला.

अगदी ठार बसला. गळ्याला दुपट्टा गुंडाळलेला, तोंडातून आवाजच नाही. काही विचारलं की गळ्याकडे बोट दाखवायचा आणि मान हलवायचा. चंद्रकांताने अडुळशाचा काढा केला. तो तोंड वाकडं करून प्यायला. दामिनीने मला स्टुलावर उभं केलं, समोर उभी राहिली आणि पडद्याकडे बघू लागली. योगेंद्र पडद्याआड होता, पण गप्प.

"बाबा, थोडं तरी सांगा नं! पहिलं वाक्य तरी!"

पडद्यातून एक हात बाहेर आला आणि गळ्याकडे बोट दाखवून परत आत गेला.

दामिनी चिडली. पाय आपटला.  मग दात-ओठ खात तिने स्वतःच सुरुवात केली. दोन वाक्यं आठवली, तिसरं नाही आठवलं, मग तिने दुसरंच काहीतरी जोडलं. ते चुकीचं असावं, कारण तिने स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. पण ती थांबली नाही. मी मनात म्हटलं, पोरगी पदरचं बोलायला लागली!

चंद्रकांता सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या मागे येऊन बसली. "तुह्या इंग्रजीत सांग मले," ती म्हणाली, "काल गाय काहून सुटली?"

"आई, तुले इंग्रजी समजते का?"

"नाही समजत. तू सांग तर!"

दामिनीने गाय का सुटली ते इंग्रजीत सांगितलं. मग भाजी काहून खारट झाली, पाहुणे काहून आले नाहीत, धान यंदा कसं झालं, सगळं सगळं. चंद्रकांता मराठीत विचारायची, दामिनी इंग्रजीत उत्तर द्यायची. कधी अडायची, कधी हातवारे करायची, कधी दोघी मायलेकी हसत सुटायच्या. पडद्याआड योगेंद्र गुपचूप काढा प्यायचा.

आता एक गोष्ट सांगतो, तेव्हा मला वाटत होतं की ती मला एकट्यालाच कळली आहे. एक दिवस सकाळी मी खिडकीत होतो. योगेंद्र गोठ्यात गाईचं दूध काढत होता. गाईने लाथ झाडली आणि योगेंद्र ओरडला, "अगे हो! सरक नं तिकडं! कायले लाथा मारतं?" आवाज कसा? घंटेसारखा! मग त्याने दचकून मागे पाहिलं. मागे फक्त मी. अहो, मी माईक आहे! घसा कुणाचा बसला आणि कुणाचा नाही, हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार? पण मी कुणाला सांगितलं नाही.

सोंग सोपं नव्हतं, मित्रांनो. त्याच आठवड्यात बपेरा गावच्या मंडईचं नाटक होतं. नाटक मंडळीचा मालक स्वतः मोटारसायकलवर घरी आला. "चल बापा, तुह्याशिवाय माझा हिरो उभाच राहत नाही," म्हणून विनवू लागला. योगेंद्रने गळ्याकडे बोट दाखवलं. मालक हात जोडून बोलला, तरी योगेंद्रने मान हलवली. मालक रागारागाने निघून गेला. योगेंद्र त्या वाटेकडे किती तरी वेळ बघत राहिला. हंगामातलं एकही नाटक त्याने आजवर सोडलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी त्याने दामिनीला मोटारसायकलवर भंडाऱ्याला नेलं. मी तिच्या पिशवीत. कॉलेजात तिने मला टेबलावर ठेवलं, मॅडमनी माझी वायर मशीनला जोडली. आयुष्यात पहिल्यांदाच मी खाली आणि बोलणारा वर! आधी जरा अपमान वाटला. मग दिसलं, की इथून माणसाचे डोळे दिसतात. दामिनीच्या डोळ्यांत भीती होती. समोर परीक्षक बसले होते, जाड चष्म्याचे, मान खाली घालून काहीतरी लिहिणारे. डाव्या बाजूला खिडकी होती आणि खिडकीबाहेर पायरीवर योगेंद्र बसला होता.

दामिनीने भाषण केलं. एकदा माझ्याकडे, एकदा परीक्षकांकडे आणि सारखी खिडकीकडे बघत, पण तिने ते शेवटाला नेलं. मी जरा सैल झालो. तेवढ्यात परीक्षकांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्यांनी खिडकीकडे बोट केलं म्हणून मलाही समजलं. तू सारखी तिकडे का बघतेस, असं ते विचारत होते.

झालं! मॅडमनी विचारलं होतं तेच. दामिनीचा चेहरा पांढरा पडला. मान आपोआप डावीकडे वळली. कान लावून ती उभी राहिली. बाहेर योगेंद्रने दुपट्ट्याचं टोक दातांत धरलं होतं.  माझ्या जाळीत नुसता तिचा श्वास येत होता. बोल गं बाई, मी मनात म्हणत होतो, बोल! काहीही बोल, चुकीचं बोल, पण पदरचं बोल!

तिने मान सरळ केली. परीक्षकांच्या डोळ्यांत पाहिलं. आणि बोलायला लागली.

हळू, एकेक शब्द जुळवत. 'फादर' म्हणाली ते मला कळलं. 'कर्टन' म्हणाली तेही कळलं, कारण पडद्यांशी माझं जन्माचं नातं. मध्येच एका शब्दाला अडली. 'सॉरी' म्हणाली, हाताने पान उलटून दाखवलं आणि पुढे गेली. परीक्षक हसले. पण ते वर्गासारखं हसणं नव्हतं. ते पुढे झुकले आणि त्यांनी आणखी विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. आता ती माझ्याकडे बघतही नव्हती! मला विसरूनच गेली होती. तुम्हाला सांगतो, कुणी मला विसरलं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मला आनंद झाला. शेवटी साधना मॅडमनाच आठवण करून द्यावी लागली, की पुढची मुलं थांबली आहेत.

सगळ्यांच्या तोंडी परीक्षा संपल्यावर मॅडम बाहेर पायरीवर आल्या. दामिनी पिशवी छातीशी धरून उभी होती. योगेंद्र घाईघाईने उठला.

"दामिनीचे बाबा, पास निघाली तुमची मुलगी!" मॅडम म्हणाल्या. "नुसती नाही, छान निघाली. सर म्हणाले, आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याशी बोललं. बाकीच्यांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं."

 मॅडमशी इंग्रजीतच बोलायला पाहिजे असं योगेंद्रला वाटलं असावं, आणि इंग्रजी त्याला येत होतं ते त्या भाषणाच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीपुरतंच. त्याने दोन्ही हात जोडले आणि अख्ख्या कॉलेजला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला,

"रिस्पेक्टेड एक्झामिनर सर अँड माय डिअर फ्रेंड्स! थँक यू फॉर युवर पेशन्स!"

मॅडम हसतच राहिल्या. दामिनी मात्र हसली नाही. ती बापाकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा घसा?"

योगेंद्रने चटकन गळ्यावर हात ठेवला. पण आता काय उपयोग? "आताच मोकळा झाला वो बाई," तो म्हणाला. "मॅडमचं ऐकलं अन् मोकळा झाला." दामिनीचे डोळे भरून आले आणि ती रडता रडता हसायला लागली. माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं, की काय सांगू.

परत जाताना वरठीजवळ कारखान्याची पाळी सुटली होती. रस्ताभर सायकली आणि मोटारसायकली. योगेंद्र हळू चालवत होता. "काय बोलली वो तू त्या सरांशी इतकं?" त्याने विचारलं. "खिडकीतून ऐकलं सारं, समजलं काहीच नाही."

"मी म्हणली, माझे बाबा राजाचं बोलणं राजाले देतेत अन् चोराचं चोराले," दामिनी त्याच्या कानाशी म्हणाली. "टाळ्या त्यांले पडतेत अन् बाबा पडद्यामागं राहतेत. म्हणून मी तिकडं पाहते, सर. मले वाटते, अडली तर तिकडून आवाज येईन. पण आज बाबाचा घसा बसला आहे. आज चुकलं तर माझं, अन् बरोबर आलं तरी माझंच."

 थोडं पुढे जाऊन योगेंद्रने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "थांब जरा," तो म्हणाला, "चेनमधून आवाज येऊन राहिला." आणि खाली वाकून बराच वेळ चेन बघत राहिला. मित्रांनो, चेन ठीक होती. आवाज ओळखणं हा माझा धंदाच आहे.

घरी चंद्रकांताने सगळं ऐकून घेतलं. "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर रोज काढा जास्त कडू करत होती." योगेंद्र 'आं?' करून बघतच राहिला.

आता मी कॉलेजात असतो. दामिनीनेच मला मॅडमना देऊन टाकलं. नवी मुलं येतात, माझ्यापुढे उभी राहतात, घाम पुसतात आणि इंग्रजी बोलायला लागतात. योगेंद्र पुन्हा पडद्याआड आहे आणि त्याचे हिरो पुन्हा सुखाने उभे राहतात. माझी एकच विनंती आहे. मला पेटीत टाकू नका, अधूनमधून जाळी पुसा आणि वायर उंदरांपासून सांभाळा. आणि तुमच्यासमोर कुणी बोलता बोलता अडलं, तर हसू नका. लगेच त्याच्या तोंडात शब्दही घालू नका. जरा थांबा, त्याला त्याच्या पदरचं बोलू द्या. तुम्हाला थांबवत नसेल, तर सरळ घसा बसल्याचं सोंग करा. आणि काढा आला, तर मुकाट्याने प्या.